सैतान मेल्यावर

ट्रिस्ट्रमच्या पडक्या चर्चखाली सोळा मजले आहेत. दर चार मजल्यांनी भिंती बदलतात. आधी दगडी बांधकाम, मग थडगी, मग गुहा, आणि शेवटचे चार मजले थेट नरकाचे. तळाशी डायब्लो. त्याला मारलं की आपला नायक सैतानाला कोंडून ठेवणारं लाल रत्न उचलतो आणि तो पुन्हा सुटू नये म्हणून स्वतःच्याच कपाळात खुपसतो. १९९६ च्या अगदी अखेरीस आलेल्या ‘डायब्लो’ची गोष्ट इथे संपते. गोष्ट म्हणून तिच्यात काही कमी नाही. पण खेळणाऱ्याच्या हातात तेव्हा कुठे एक बरी तलवार आलेली असते, आणि ती चालवायला समोर कोणी उरलेलं नसतं.

पुढच्या तीसेक वर्षांत या जातीचे जेवढे गेम आले, त्या सगळ्यांच्या मानगुटीवर ही अडचण बसलेली आहे. ज्यांनी हे गेम पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वरून, जरा तिरकं दिसणारं मैदान. त्यावर राक्षसांचे थवे. क्लिक करायचं, ते मरतात, मरताना शिरस्त्राणं, अंगठ्या, चिलखतं सांडतात. त्यातलं चांगलं ते अंगावर चढवायचं, म्हणजे आणखी मोठे राक्षस मारता येतात, ते आणखी चांगलं काही सांडतात. कथा या चक्राला निमित्त म्हणून असते. ती दहा-वीस-तीस तासांत आटोपते, चक्राला मात्र शेवट नसतो. कथा संपल्यावर हे चक्र कशाच्या जोरावर फिरत ठेवायचं, या कोड्याला गेमवाले ‘एंडगेम’ म्हणतात. आणि एकाच घराण्यातल्या प्रतिस्पर्ध्यांनी हे कोडं किती वेगवेगळ्या तऱ्हेने सोडवलं ते बघणं, हा माझा गेल्या कित्येक वर्षांचा छंद आहे. प्रत्यक्ष खेळण्याइतकाच.

ब्लिझर्ड नॉर्थने २००० साली ‘डायब्लो २’ काढला तेव्हा उत्तर सरळ होतं. तीच गोष्ट तीनदा खेळा. आधी नॉर्मल, मग नाइटमेअर, मग हेल. हेल संपलं की पुढे काही नाही. लेव्हल मात्र ९९ पर्यंत, आणि शेवटच्या लेव्हली इतक्या लांब की बहुतेकांनी त्यांचा नाद सोडला. मग खेळणाऱ्यांनीच आपला एंडगेम काढला. सोर्सरेस घ्यायची, टेलिपोर्ट मारत मेफिस्टो नावाच्या बॉसच्या दालनात शिरायचं, खंदकाच्या पलीकडच्या काठावर उभं राहायचं. मेफिस्टोला खंदक ओलांडता येत नाही. तो बिचारा काठावर अडकून राहतो आणि आपण इकडून बर्फाचा मारा करत राहतो. मेला की लूट चाळायची, गेममधून बाहेर पडायचं, नवा गेम उघडायचा. मेफिस्टो पुन्हा जिवंत, खंदक पुन्हा तिथेच.

आमच्या पिढीने हे लॅमिंग्टन रोडच्या सीडीवर खेळलं. ती सीडी कुठून येते हे कोणी विचारत नसे. त्यामुळे बॅटलनेट या ऑनलाइन सर्व्हरवरच्या सामूहिक बाल-रन (बाल नावाच्या बॉसच्या वाऱ्या), तिथली लॅडर म्हणजे क्रमवारी, फक्त लॅडरवरच बनणारे रुनवर्ड, हे सगळं आमच्यासाठी ऐकीव. पण त्या ऐकीव जगातली एक गोष्ट मला अजून भारी वाटते. गेममधल्या सोन्याला काही किंमतच राहिली नव्हती, म्हणून लोकांनी ‘स्टोन ऑफ जॉर्डन’ नावाच्या अंगठीलाच नाणं मानलं. अमक्या चिलखताला इतक्या अंगठ्या, तमक्या रुनला तितक्या. मग काहींनी त्या अंगठ्यांच्या बेकायदा नकला पाडल्या आणि बाजारात पूर आला. २००३ च्या १.१० आवृत्तीत एक नवीनच प्रकार आला: या अंगठ्या दुकानदाराला विकल्या की किती विकल्या गेल्या त्याचा आकडा सगळ्यांच्या पडद्यावर झळकायचा, आणि तो पुरेसा चढला की त्या सर्व्हरवर डायब्लोचा एक महाबली अवतार उतरायचा. त्याला मारलं तर एक दुर्मीळ ताईत. म्हणजे खेळणाऱ्यांनी स्वतः निर्माण केलेल्या चलनाची होळी करून गेमने त्यांना नवा शत्रू दिला. हे कोणी आधी ठरवून आखलं असतं तर इतकं जमलं नसतं.

तरीही मेफिस्टोच्या काठावर उभं राहून माझं मन कधी रमलं नाही, आणि त्याचं कारण मला बऱ्याच उशिरा कळलं. तिथे आपलं काहीच पणाला लागत नाही. लागतो तो फक्त धीर. नशीब आज नाही तर उद्या उघडेल, आपण हजर राहायचं, एवढंच. या जातीच्या कुठल्याही गेमकडे मी तेव्हापासून याच नजरेने बघतो. इथे मी काय पणाला लावतोय? आणि किती लावायचं हे ठरवतं कोण, मी की गेम?

‘डायब्लो ३’ने तर हा प्रश्न मुळापासूनच चुकवला. २०१२ च्या मे महिन्यात तो आला तेव्हा हेलच्याही वर ‘इन्फर्नो’ नावाची पायरी होती. ती इतकी अवघड की आपल्याच माणसांना ती जड गेली आणि मग आम्ही ती दुप्पट अवघड केली, असं बनवणाऱ्यांनी आधीच अभिमानाने सांगून ठेवलं होतं. खेळणाऱ्यांना ते शब्दशः भोगावं लागलं. पहिल्या अंकातून दुसऱ्या अंकात पाऊल टाकलं की वाळवंटातल्या गांधीलमाश्या दोन फटक्यांत आडवं करायच्या. तिथे टिकायचं तर अंगावर तिथली लूट हवी. ती मिळवायची तर आधी तिथे टिकायला हवं. या पेचातून सुटायची एकच वाट गेमने उघडी ठेवली होती: लिलावघर. खेळातल्या सोन्याचं एक, आणि चक्क खऱ्या पैशांचं दुसरं.

तो काळ आठवला की अजून हसू येतं. संध्याकाळी गेम उघडायचा आणि राक्षसांकडे जायच्या आधी लिलावघरात जायचं. गाळण्या लावायच्या: इतकी व्हायटॅलिटी, इतका रेझिस्टन्स, अमुक किमतीच्या आत. तासाभराने एक पाटलोण विकत घेऊन बाहेर पडायचं. राक्षस मारून मिळालेली वस्तू स्वतःला क्वचितच बसायची, कारण ती कोणत्याही पात्रासाठी पडू शकायची. मग ती पुन्हा लिलावात. आपण खेळतोय ते काय, तर एका बाजाराची कच्च्या मालाची खाण. त्या काळात माझ्या बार्बेरियनच्या अंगावर स्वतः मारून मिळवलेलं फार काही होतं असं मला वाटत नाही. पणाला लागत होतं ते सोनं, नाहीतर खिशातले डॉलर. हिंमतीचा, कौशल्याचा, निवडीचा संबंध नव्हता.

ब्लिझर्डला ते उमगलं. १८ मार्च २०१४ ला लिलावघराला कुलूप लागलं आणि आठवड्याभरात ‘रीपर ऑफ सोल्स’ आला. एका चालत्या दुकानाचा गल्ला स्वतःहून बंद करायला धैर्य लागतं, ते श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. लूट आता आपल्या पात्राला साजेशी पडू लागली. थोड्याच महिन्यांत ‘ग्रेटर रिफ्ट’ आले: पंधरा मिनिटांचं घड्याळ, समोर आलेला राक्षस मारत एक पट्टी भरायची, पट्टी भरली की मोठा राक्षस, तो वेळेत मेला की पुढचा आकडा. वाटेत लूट नाही, सगळी शेवटी. आकडा पुढे १५० पर्यंत. वेग, चटक, हातांचा ताल, सगळं फर्स्टक्लास. या बाबतीत ‘डायब्लो ३’ला आजही तोड नाही. बार्बेरियन उडी मारून जमिनीवर आदळतो तेव्हा खोलीतलं टेबलसुद्धा हलल्यासारखं वाटतं.

पण आकडा बदलला तरी जागा तीच. सत्तराव्या पायरीवर जे राक्षस तेच एकशेविसाव्या पायरीवर, फक्त त्यांच्या प्राणाला आणखी शून्यं. आपल्याही माऱ्याला आणखी शून्यं, कारण सहा तुकड्यांचा अमुक संच घातला की तमुक कौशल्य हजारो टक्क्यांनी वाढतं. पॅरागॉनच्या लेव्हलींना तर कित्येक वर्षं वरची मर्यादाच नव्हती, म्हणजे जो जास्त वेळ देईल तो वर. इथे पणाला लागतो तो वेळ, आणि तो किती हे घड्याळ ठरवतं. हरलो तर काय गेलं? पंधरा मिनिटं. पुन्हा लावू.

आता ऑकलंड. न्यूझीलंडमधल्या या शहरात २००६ साली ‘डायब्लो २’च्या नादाने वाढलेल्या काही जणांनी ग्राइंडिंग गिअर गेम्स नावाची कंपनी काढली. ख्रिस विल्सन हे त्यातलं सर्वात ओळखीचं नाव. त्यांचा ‘पाथ ऑफ एक्झाइल’ २०१३ च्या ऑक्टोबरात रीतसर आला, ‘डायब्लो ३’चं लिलावघर बंद होण्याची घोषणा होऊन गेली होती त्याच सुमारास. फुकट गेम. कमाई वेशभूषेवर आणि सामान ठेवायच्या पेटीतल्या जादा कप्प्यांवर. (हे कप्पे घेतल्याशिवाय फार पुढे निभाव लागत नाही, तेव्हा फुकट म्हणजे किती फुकट ते ज्याने त्याने ठरवावं.) या गेममध्ये सोनं ठेवायचंच नाही असं त्यांनी सुरुवातीला ठरवलं. चलन म्हणजे वेगवेगळे ऑर्ब, आणि प्रत्येक ऑर्बचा काही ना काही उपयोग. कुठला साध्या वस्तूला दुर्मीळ करतो, कुठला दुर्मीळ वस्तूचे गुण पुन्हा नव्याने पाडतो. नाणं खर्च करणं आणि वस्तू घडवणं एकच. जॉर्डनच्या अंगठीचा धडा कोणीतरी नीट गिरवलेला दिसतो.

पण त्यांची खरी करामत म्हणजे मॅप. इथे एंडगेमची जागा ही वस्तू असते. राक्षस मारताना तलवारीसारखा, ढालीसारखा मॅपही पडतो. तो यंत्रात ठेवला की सहा दारं उघडतात आणि आपण त्या जागी पोचतो. आणि वस्तू आहे म्हटल्यावर तिच्यावरही ऑर्ब चालतात!

हे जरा जवळून सांगायला हवं. माझ्यापुढे एक कोरा मॅप आहे. समुद्रकिनाऱ्याची लांबट पट्टी, वाट चुकायचा प्रश्न नाही, म्हणून लाडका. त्यावर अल्केमीचा ऑर्ब टाकला. मॅप पिवळा झाला, म्हणजे दुर्मीळ, आणि त्याच्या अंगावर अटी उमटल्या. राक्षसांचे बाण जास्तीचे दोन. राक्षसांना विजेचा जादा मारा. आपल्यावर वेग मंदावणारा शाप. शेवटी एकाऐवजी दोन बॉस. प्रत्येक अटीपुढे लूट किती टक्क्यांनी वाढेल, राक्षसांचे थवे किती दाट होतील याचा आकडा. म्हणजे हा चक्क करारनामा आहे. मी वाचतो. शाप चालेल, माझ्याकडे त्यावर उतारा आहे. वीज? माझा रेझिस्टन्स काठोकाठ आहे, निभेल. दोन बॉस ठीक. मग केऑस ऑर्ब टाकून पुन्हा नव्या अटी पाडायच्या का? पाडल्या. आता आलं: खेळणाऱ्याचा प्राण, ‘माना’ म्हणजे जादूची शक्ती, काहीच आपोआप भरून येणार नाही. माझं पात्र तर त्यावरच जगतं. ही अट म्हणजे माझ्यासाठी फाशीचा हुकूम, दुसऱ्या कोणाच्या पात्राला तिचं काहीच नाही. पुन्हा ऑर्ब. असं करता करता मनासारख्या अटी जुळल्या की मग मोह होतो व्हाल ऑर्बचा. त्याने मॅप कायमचा बाटतो. कदाचित अटी बदलतील, कदाचित लूट वाढेल, कदाचित काहीच नाही होणार, पण त्यानंतर त्याला हात लावता येणार नाही.

सहा दारं म्हणजे सहा संधी. पण मेलो की त्या लेव्हलच्या अनुभवातला दहा टक्के भाग गेला. लेव्हल पंचाण्णवच्या पुढे दहा टक्के म्हणजे एखाद्या रविवारची सगळी दुपार. म्हणून लेव्हलच्या शेवटच्या टप्प्यात माणसं सोप्या अटींचे मॅप खेळतात आणि लेव्हल वाढली की लगेच अंगावर येणारे मॅप काढतात. गेमने कोणाला तसं सांगितलेलं नाही. गेमने फक्त एक हिशेब ठेवला, आणि माणसं आपल्या हिंमतीप्रमाणे त्यात बसली. संकट किती मोठं हवं, कोणत्या जातीचं हवं, त्याच्या बदल्यात काय मागायचं, हे सगळं आपण आपल्या हाताने लिहायचं आणि मग त्यात उतरायचं. हरल्यावर गेमवर खापर फोडायची सोय नाही. अट आपणच वाचून मान्य केलेली असते. वाचली नसेल तर मग बोलायलाच नको.

सुरुवातीला यातही खोट होतीच. वरच्या पायरीचा मॅप पुरेसा पडायचा नाही, साठा संपायचा, मग लोकांकडून विकत घ्यायचा नाहीतर खालच्या पायरीवर उतरायचं. २०१६ मध्ये ‘ॲटलस ऑफ वर्ल्ड्स’ आला. विखुरलेल्या मॅपांना एका मोठ्या नकाशावर जोडलं आणि मधोमध शेपर नावाचा म्होरक्या बसवला. पुढे एल्डर आला, सायरस आला, मेव्हन आली. मग ॲटलसचंही कौशल्यांचं झाड आलं, ज्यात गुण खर्चून आपल्या मॅपांत काय भेटावं आणि काय मुळीच भेटू नये तेही ठरवता येतं. मला ‘रिच्युअल’ आवडतं, ते मी वाढवून घेतो. ‘डिलिरियम’चं धुकं मला झेपत नाही, डोळे दुखतात, त्याला मी गुण देत नाही. असे एका गेमच्या पोटात पंधरा-वीस उपगेम आणि त्यातून प्रत्येकाने मांडलेला आपला संसार.

आणि दर तीन-चार महिन्यांनी ते सगळं सोडून नव्याने सुरू. नवी लीग, रिकामी पेटी, सगळे पुन्हा समुद्रकिनाऱ्यावर उघडेबोडके. ऑकलंडमध्ये तेव्हा शनिवारची सकाळ असते आणि आपल्याकडे शुक्रवारची रात्र उलटून एक-दीड वाजलेले. न खेळणाऱ्यांना हे वेड वाटतं: कमावलेलं सोडायचं कशाला? दिवाळीचा किल्ला का मोडतात, असं पोरांना कोणी विचारत नाही. मावळे डब्यात जातात, माती कुंडीत, आणि पुढच्या वर्षी बुरूज कुठे घ्यायचा यावर गणपतीपासून वाद सुरू होतात. लीगचंही तसंच. जुनं पात्र ‘स्टँडर्ड’मध्ये जातं, हवं तेव्हा बघता येतं, पण सहसा कोणी बघत नाही.

माझा भाचा या बाबतीत माझ्या विरुद्ध पक्षात आहे. हिंजवडीत नोकरी, ‘डायब्लो ४’चा भक्त, आणि मधेमधे ‘लास्ट इपॉक’. त्याचं म्हणणं ठरलेलं आहे. “मामा, तुझा गेम खेळायला आधी सीए व्हावं लागतं. मी दमून घरी येतो, मला अटी वाचायच्या नाहीत.” मी म्हणतो, “तुझ्या गेममध्ये नुसती हजेरी लावायची असते.” त्यावर तो म्हणतो, “लावतो ना हजेरी. पगारही मिळतो.”

त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. २०२३ च्या जूनमध्ये ‘डायब्लो ४’ आला तेव्हा त्याचा एंडगेम फारच पातळ होता. पुढच्या मे महिन्यातल्या चौथ्या सीझनने लूट पार बदलून टाकली आणि ‘पिट’ आणला, जो ग्रेटर रिफ्टचाच नवा अवतार. त्यानंतर करण्यासारखं इतकं साठलं की मोजायचा कंटाळा यावा. हेलटाइड आहे, नाइटमेअर डन्जन आहेत, इन्फर्नल होर्ड्स आहेत, कुजबुजणाऱ्या झाडाची कामं आहेत. २०२५ पर्यंत तर बॉसना बोलवायलाही सामान लागायचं, ते सामान दुसऱ्या बॉसकडे. डुरिएलला बोलवायचं तर चिकट बुळबुळीत अंडी गोळा करत फिरावं लागायचं! पण हे सगळं कमी-जास्त एकाच चवीचं आहे. नाइटमेअर डन्जन उघडणाऱ्या सिजिलवरही अटी असतात, पण त्या बहुतेक वेळा शोभेच्या. वाचल्या काय, न वाचल्या काय, पात्र दणकट असलं की निभतं. गेम आपल्याला काय पणाला लावायचं ते विचारत नाही. आज काय काय करायचं राहिलंय, एवढंच सांगतो. दमून घरी आलेल्या माणसाला कदाचित तेच हवं असतं, हेही मला पटतं. पूर्ण किमतीला लाखो लोकांना गेम विकणारी कंपनी आठवड्यातून दोनदा येणाऱ्या गिऱ्हाइकाला दारातून परत पाठवू शकत नाही. फुकट गेमवाल्यांचं पोट मात्र दर लीगला परतणाऱ्या वेड्यांवर चालतं. दोघांचे एंडगेम वेगळे होण्याला हे एक चोख व्यापारी कारण आहे.

‘लास्ट इपॉक’वर मात्र आमचं दोघांचं जमतं. २०२४ च्या फेब्रुवारीत तो पूर्ण रूपात आला. इलेव्हन्थ अवर गेम्स ही मंडळी मुळात खेळाडूच. त्यांच्या ‘मोनोलिथ’ नावाच्या एंडगेममध्ये पुढच्या प्रत्येक जागेवर काय बक्षीस आहे ते आधीच दिसतं. अंगठी हवी तर त्या फांदीने जा, पट्टा हवा तर या. करप्शन नावाचा आकडा आहे. तो वाढवला की राक्षस जहाल आणि लूट घसघशीत. वाढवायचा तेव्हा मुद्दाम लांब जाऊन एका सावलीशी लढावं लागतं, म्हणजे तो चुकून वाढत नाही. आणि बाजाराच्या जुन्या भांडणावर तर त्यांनी फारच शहाणा तोडगा काढला. दोन मंडळं. एकात गेलात तर लोकांशी खरेदी-विक्री करा. दुसऱ्यात गेलात तर ती सोय कमी, पण लूट जास्त आणि चांगली पडेल. ‘डायब्लो ३’ने ज्या दुखण्यापायी दोन वर्षं घालवली, त्यावर इथे फक्त एक निवड विचारली आहे: तुला शोधायचं आहे की विकत घ्यायचं आहे?

या गेममधली एक जागा माझी विशेष आवडती. टेम्पोरल सँक्टम. तळघरात भूतकाळ आणि वर्तमान यांच्यात उड्या मारत शेवटी जुल्रा नावाच्या बॉसला हरवायचं, मग एका पेटीत दोन वस्तू ठेवायच्या: एक युनिक, जिचे गुण ठरलेले, आणि एक आपण महिनाभर ठोकून-ठाकून घडवलेली. भूतकाळात पेटी बंद करायची, वर्तमानात येऊन उघडायची. मधल्या शतकांनी दोन्ही वस्तू एक केलेल्या असतात. पण युनिकवर ‘एक’ असा आकडा असेल तर आपल्या वस्तूच्या चार गुणांपैकी एकच तिच्यात उतरणार, आणि कोणता ते आपल्या हातात नाही. वाया गेली तर ती घडवलेली वस्तू कायमची गेली. ते झाकण उघडताना हात जितका कचरतो तितका मोठ्यातल्या मोठ्या बॉससमोरही कचरत नाही. पुन्हा तोच मामला: काय ठेवायचं ते मी ठरवलं, किती धोका आहे ते मला आधी माहीत होतं, आणि तरीही ठेवलं.

‘पाथ ऑफ एक्झाइल २’ डिसेंबर २०२४ मध्ये अर्धवट अवस्थेत खुला झाला तेव्हा घरच्यांनीच हे सूत्र विसरावं याची मला गंमत वाटली. एका मॅपला एकच जीव. मेलो की मॅप गेला, त्यातलं सगळं गेलं, अनुभवही गेला. त्यात मरण असं की पडद्यावरच्या आतषबाजीत कशाने मेलो ते दिसायचंच नाही. पणाला लावायला माझी ना नाही, पण किती लावायचं हे तुम्हीच परस्पर ठरवलंत तर मी कशाला बसू? नंतर त्यांनी ते सैल केलं. मॅपवर अटी जितक्या कमी तितकी परत उठायची संधी जास्त, असा हिशेब आला. म्हणजे पुन्हा निवड माझ्याकडे. आता बरं चाललंय, अजून पूर्ण झालेला नाही.

बाकीच्यांबद्दल फार लिहीत नाही. ‘टॉर्चलाइट’ने २००९ मध्ये कथा संपल्यावर अथांग तळघर दिलं, जितकं उतराल तितकं खाली. डायब्लोच्या घडणीत वाटा असलेल्या शेफर बंधूंचंच हे काम, पण तळच नसलेल्या विहिरीत उतरण्यात दुसऱ्या दिवशी राम उरत नाही. ‘ग्रिम डॉन’ मला एंडगेमसाठी नाही, कथेच्या उदास पावसाळी हवेसाठी आवडतो.

भाच्याने मध्यंतरी माझ्या सूत्रात खोट काढली. “पणाला लावायचंच आहे ना, मग तू हार्डकोर का खेळत नाहीस?” हार्डकोर म्हणजे पात्र मेलं की मेलं. ‘डायब्लो २’पासून ही सोय या घराण्यात आहे, आणि तो स्वतः तेच खेळतो. त्याला मी जे उत्तर दिलं ते मलाच अर्धवट वाटतं: सगळं लावणं हेही एका अर्थी काहीच न निवडणं आहे, कारण एकदा सुरुवातीला सही केली की पुढच्या प्रत्येक दाराशी थांबून विचार करायला तेवढं उरत नाही. तो म्हणाला, उलट प्रत्येक दाराशी तोच विचार उरतो. माझ्याकडे यावर उत्तर नव्हतं, म्हणून मी चहा टाकला.

पण त्याच्या हार्डकोरलाही एक बाहेरची अट आहे, जी कुठल्याच मॅपवर छापलेली नसते. जुलैच्या पावसात रात्री वीज जाते. ‘डायब्लो ४’मध्ये जोडणी तुटली तर पात्राला आपोआप तिथून उचलून नेणारी एक गुंडाळी मिळते, ती जवळ असली तर जीव वाचतो. त्या रात्री त्याच्या पोतडीत ती नव्हती. दोन महिन्यांचा नेक्रोमॅन्सर ट्रान्सफॉर्मरच्या एका आवाजात गेला. दुसऱ्या दिवशी त्याने राउटरला आणि मशीनला वेगळा यूपीएस घेतला, पावतीचा फोटो मला पाठवला आणि खाली लिहिलं, “मामा, हा आता बिल्डचाच भाग.” मग विचारलं की एवढ्याच पैशांत तुझ्या त्या गेमचे किती कप्पे आले असते. मी हिशेब करून पाठवला. बरेच आले असते.